चार मिनिटांचा रसिक

अपिलाच्या कोर्टातल्या न्यायमूर्तींवर उघडपणे लिहायची कोणाची छाती होत नाही. लिहायचा तो एकटा अपीलदादा. वीस वर्षं वकिली करून पाठ कामातून गेली, तेव्हा त्यानं मागच्या खोलीत संगणक मांडला आणि ब्लॉग सुरू केला. कोण मुद्द्याचं लिहितं, कोण पाल्हाळ लावतं, सगळं रोखठोक, आणि तेही निकाल दोनदा वाचून. वाचणारे पंधरा-वीस, त्यातले निम्मे नातेवाईक.

एकदाच त्याची लेखणी घसरली. एका न्यायमूर्तींनी मुलाखतीत सांगितलं की, आपण रोज सकाळी दोन तास गाणं ऐकतो, एक सूर चुकला तरी आपल्याला कळतो. अपीलदादा स्वतः गाणंवेडा. तो हुरळला आणि लिहून बसला, 'ज्याचा कान तयार, त्याच्या हातून अन्याय होणार नाही.' तो लेख हजारो लोकांनी वाचला.

"पुराव्याशिवाय कसं लिहिलंत हो?" बायकोनं विचारलं. त्यानं ते कानाआड केलं.

वाचणाऱ्यांत त्याची धाकटी बहीणही होती. ती शाळेत संगीत शिकवायची. मुख्याध्यापकांना त्या जागेवर स्वतःची भाची बसवायची होती, म्हणून बेशिस्तीचा ठपका ठेवून हिला काढलं. खालच्या कोर्टात ती हरली. अपील नेमकं त्या रसिक न्यायमूर्तींपुढे लागलं. त्याच आठवड्यात शाळेचा निरोप आला: अपील मागे घ्या, ग्रंथालयात कामाला या. तिनं भावाचा लेख पुन्हा वाचला आणि नकार कळवला.

सुनावणी चार मिनिटांत आटोपली. दीड पानाचा निकाल अपीलदादानं कोर्टाच्या जिन्यातच वाचला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निकालात त्याची बहीण क्रीडाशिक्षिका होती! मैदानावर मुलांकडे दुर्लक्ष केलं, सबब नोकरीवरून काढलं ते योग्यच, म्हणे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या अपिलातला मजकूर उचलून इथं चिकटवला होता. जन्मात कधी शिट्टी न फुंकलेली बाई ती!

फेरविचाराचा अर्ज केला. महिन्याभरानं उत्तर आलं: टंकलेखनाची चूक. 'क्रीडा'च्या जागी 'संगीत' घातलं, 'मैदाना'च्या जागी 'वर्ग'. बाकी अक्षर हललं नाही, अपील फेटाळलेलंच. चोर तो चोर, वर शिरजोर!

अपीलदादा लिहायला बसला. बहीण शेजारी खुर्ची ओढून बसली.

"तो जुना लेख आधी काढून टाकतो," तो म्हणाला.

"काढू नकोस, दादा. त्याच्याखाली लिही."

"काय लिहू?"

"गाण्याला रोज दोन तास. मला चार मिनिटं." मग ती हळूच म्हणाली, "ग्रंथालयातली जागा परवा भरली."

त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मग कोणी न सांगता त्यानं खाली आणखी एक ओळ घातली: 'यांचा एकही निकाल न वाचता मी हा लेख लिहिला होता.'