ओला, सुका आणि गच्चीचे त्रिराज्य

१२ एप्रिल १९५८, दुपारी अडीच. वरळीतील आमच्या चाळीच्या गच्चीवर हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त झाली होती, असे माझी उपकरणे सांगत होती. दोन्ही तापमाप्यांतला पारा अठ्ठावीस अंशांवर होता. तो सारखा असणे म्हणजे आर्द्रता शंभर टक्के, अर्थात दाट धुके. प्रत्यक्षात ऊन इतके लख्ख होते की शेजारी पसरलेल्या कुरडया खडखडीत वाळल्या होत्या.

झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेले हे उपकरण साधे आहे. दोन तापमाप्यांपैकी एकीच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी असते आणि दुसरीचा फुगा कोरडा असतो. चिंधीतले पाणी उडून जाताना पहिला फुगा थंड होतो, आणि दोहोंतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढता येतो. आपल्या वस्तीतली अशी संपूर्ण एप्रिलची वाचने जो विद्यार्थी आणून देईल, त्याची शिफारस एम.एस्सी.च्या एकुलत्या एका जागेसाठी करण्याचे आमच्या प्राध्यापकांनी कबूल केले होते. त्यांचा नियम स्पष्ट होता. एखादे वाचन चुकले तर कारणासह खोडावे. पेटीची जागा मात्र हलली, तर सारी वाचने बाद. माझे दोन्ही प्रतिस्पर्धी मुलगे होते आणि दोघांच्याही घरांना स्वतःची बाल्कनी होती. आमच्याकडे एक खोली आणि सहा माणसे होती. माझी भिस्त गच्चीवर होती.

आमच्या चाळीचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्याला तो गच्चीपासून सुरू करावा लागेल. पश्चिमेचा कोपरा मालवणकडच्या बायकांच्या सुक्या मासळीचा. पूर्वेकडे साताऱ्याकडच्या कुरडया आणि पापड. मधला भाग जयंतीच्या दिवसांत आमच्या बौद्ध मंडळींच्या फलकांचा, आणि माझे वडील त्या समितीत होते. या सीमा कोणी आखल्या नव्हत्या, तरी सर्वांना पाठ होत्या.

वारा मोकळा लागतो तो पश्चिमेच्या कोपऱ्यात. म्हणून मार्चअखेरीस मी तिथल्या काकींकडे परवानगी मागितली. ‘कोरडा’ हा शब्द त्यांना जड जाईल असा तर्क करून मी सांगितले, “काकी, मला एक ओला आणि एक सुका ठेवायचा आहे.”

“सुको खयचो? बोंबील की बांगडो?” काकींनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फळी सरकवून दिली. “ठेव गो बाय. जागा काय खय पळान जाता?”

गैरसमज माझ्या लक्षात आला होता. जागा मिळाली होती, म्हणून मी तो दूर केला नाही.

त्या बारा तारखेच्या दुपारी पेटीत वाकून नीट पाहिले, तर कोरड्या फुग्यालाही कोणी नीटनेटकी ओली चिंधी गुंडाळलेली.

“माशाक वास येता काय बघूक पेटी उघडलंय,” काकींनी शांतपणे सांगितले. “बघतंय तर मासो नाय, नुसतो पारो. एकाक लुगडां आनि दुसरो उघडो! उन्हात तापून मरतलो म्हणान मी तेकाव नेसवलंय.”

मी वाचन खोडले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले : ‘कोरड्या फुग्यास वस्त्र नेसविले.’ एका वाचनाचे नुकसान सोसण्यासारखे होते. परंतु ‘नुसतो पारो’ ही बातमी तोवर जिना उतरून गेली होती.

“मासळीच्या कोपऱ्यात मासळी न्हाई, मग कोपरा तुमचा कसला?” साताऱ्याच्या मावशींनी काकींना विचारले. “पेटी उचला, आमच्या कुरडयांला जागा द्या.” फलकांचा रंग वाऱ्यावर लवकर वाळावा म्हणून वडिलांनाही नेमका तोच कोपरा हवा होता. मुलीचे भवितव्य आणि समितीचे काम यांत ते तटस्थ राहिले, म्हणजे माझ्या विरुद्ध गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर बैठक भरली. चाळसमितीचे अध्यक्ष गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते आणि मुंबई केंद्राकडे देणाऱ्या त्रिराज्य योजनेविरुद्धचा, संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा त्यांनी चुकवलेला नव्हता. त्यांनी खडूने गच्चीचे तीन सरळ भाग पाडले आणि जाहीर केले, “पेटी टाकीच्या मागे जाईल.” टाकीमागे वारा नव्हता. माझी बारा दिवसांची वाचने तिथेच संपत होती. मी आर्द्रतेचे महत्त्व समजावू लागले, पण कोणी ऐकले नाही.

ऐकवले ते काकींनी. “जॉबरानू, मोर्च्यात घसो बसासर ओरडतास, मुंबय तोडूक देवचंव नाय म्हणान. आनि हय गच्चीचे तीन तुकडे?”

“ही फक्त सोय आहे,” जॉबरकाका म्हणाले.

“दिल्लीवालं बी सोयच म्हनत हुते,” मावशींनी अनपेक्षितपणे पक्ष बदलला. “आन् मधली टाकी कुनाची म्हनायची? केंद्राची?”

वडील सर्वांत आधी हसले. जॉबरकाकांनी खडू खिशात टाकला आणि चपलेने रेषा पुसल्या; फार वेळ पुसल्या. ठराव झाला : गच्ची अखंड, सर्वांची, पेटी आहे तिथेच राहील.

अखंडतेचे परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसू लागले. मावशींच्या कुरडयांना बोंबलाचा वास लागला. जयंतीच्या फलकावरील ओल्या निळ्या रंगात वाऱ्याने मूठभर सुका जवळा नेऊन चिकटवला, आणि तो तसाच मिरवणुकीत फिरला. तक्रारी झाल्या, भांडणेही झाली, पण पुन्हा खडू मागण्याची हिंमत कोणाला झाली नाही. पेटी इंचभरही हलली नाही.

शिफारस मिळाली. प्राध्यापकांनी कारणाचा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. तक्त्याची शेवटची ओळ ३० एप्रिलची, दुपारी अडीचची : कोरडा ३२, ओला २७, आर्द्रता ६८ टक्के.