बाईंना कॅमेरा शिकवला तेव्हा

शाळेत मला गणितात दोनदा नापास करणाऱ्या बाई एका सकाळी माझ्या खालापूरच्या दुकानात आल्या. मी तहसील कचेरीसमोर पासपोर्टचे फोटो काढतो. ज्यांनी हसायचं नसतं अशीच गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. बाईंनी पिशवीतून रोलचा जुना कॅमेरा काढला.

"ह्यांचा आहे. चाळीस वर्षं मला हात लावू दिला नाही. शिकव आता."

"सर काय म्हणतात?"

"झोपलेत."

रविवारी मी भिसेगावला त्यांच्या घरी गेलो. सूड उगवायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती, म्हणून मुद्दाम अवघडापासून सुरुवात केली.

"बाई, भिंगातलं भोक लहान-मोठं करता येतं. पण आकडा मोठा तर भोक लहान. चारपेक्षा सोळाचं भोक बारीक. हे पाठच करायचं."

"पाठ कशाला? छेद मोठा तर अपूर्णांक लहान. सातवीत शिकवलं होतं तुला."

सूड तिथंच संपला.

रोल मात्र मी ऐटीत भरला आणि आम्ही नदीवर गेलो. बाईंनी म्हशी काढल्या, पूल काढला, धुणं धुणाऱ्या बायकांना विचारून त्यांचेही फोटो काढले. पाचव्या फोटोला म्हणाल्या, "रोल पुढं सरकवताना ही डावीकडची चकती फिरायला नको का रं?"

"फिरते ती. तुम्ही समोर बघा."

रोल छत्तीसचा. बाई मोजत होत्या. एकेचाळिसाव्या फोटोनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तपासलेले पेपर वाटताना पाहायच्या तसं. मी मागचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक मी नीट अडकवलंच नव्हतं. ती जागची हललीच नव्हती.

"म्हणजे एकही नाही?"

"एकही नाही, बाई."

मी कान पकडले. खरंच पकडले, पन्नाशीत, म्हशींसमोर. बाई हसून हसून खालीच बसल्या. मग "सरक" म्हणाल्या आणि रोल स्वतः भरला. चकती फिरतेय याची दोनदा खात्री करून घेतली.

तो रोल मुंबईहून धुऊन आला. निम्म्या फोटोंत माणसांची डोकी छाटलेली, चार-पाच पार काळे. एकच लखलखीत: सर आरामखुर्चीत गाढ झोपलेले, तोंड उघडं, कवळी घसरलेली. नाकातले केस मोजावेत इतका स्पष्ट. मला इतका चांगला फोटो आजवर जमलेला नाही.

बाईंनी तो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय. सरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. बाईंनी आणखी दोन रोल मागवलेत.