आतोबांनी मोटारीला तेल पाजले
आमच्या आतोबांना न समजणारी एकही गोष्ट या जगात नव्हती, आणि त्यांनी समजावून दिल्यामुळे आम्हाला समजेनाशा झालेल्या गोष्टींची तर गणतीच नाही. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांची भाजीची आणि संत्र्यांची वाडी होती. भिंतीवरचे घड्याळ, आत्याची शिवणाची मशीन, विहिरीचा रहाट, त्यांनी उघडले नाही असे घरात काही उरले नव्हते. एकदा घड्याळातला एक दाता दाखवून मी विचारले, "आतोबा, हा कशासाठी असतो?" क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहत ते म्हणाले, "हा बाकीच्याइले धरून ठेवाले असते." जोडणी झाल्यावर चार स्क्रू उरलेच. ते डब्यात टाकत म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचेच लावते. भेव वाटते त्याइले." 

लढाईच्या दिवसांत त्यांनी एका वकिलाची जुनी मोटार घेतली, मागचा भाग करवतीने कापला आणि तिथे भाजीसाठी लाकडी पेटी बसवली. गाडी धावे झकास, पण आपटे अशी की वाडीतून भरलेली वांगी बाजारात भरीत होऊनच उतरत. तोपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण भातकुलीला दिलेली त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि व्याह्यांचा निरोप आला, "आमची सून त्या खटाऱ्यात बसणार नाही." आतोबांना ते फार लागले. लग्नात ती बैलांमागे बसून गेली होती; आता आणायची ती आपल्या मोटारीत, आपल्या शेजारी बसवून, हे त्यांनी केव्हाचे मनात धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गाडीखाली शिरले. प्रत्येक चाकाजवळ हादरे झेलणारा एक जोड होता. लोखंडी चकत्या आणि त्यांच्यामधे चामड्याच्या चकत्या, एवढेच ते यंत्र. चामडे पार झिजले होते आणि नवे भाग लढाईमुळे मिळत नव्हते. आतोबांनी विहिरीच्या जुन्या मोटेचे चामडे काढले आणि चकत्या कापल्या. इथवर सगळे ठीक होते. पण काढलेल्या भागांना त्यांनी उताणे पडल्यापडल्या डावा-उजवा अशी नावे दिली, आणि बाहेर येऊन उभे राहिल्यावर ती उलटी वाटू लागली. मग आत्याला विचारले, मला विचारले, आम्ही दोघांनी दोन उत्तरे दिली. दुपारपर्यंत घरात कुणालाच आपल्या हातांची खात्री उरली नाही. आत्याने जेवताना चटणी उजवीकडे वाढली आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

त्यात त्या नव्या चकत्या आतोबांनी तीन दिवस एरंडेलात बुडवून ठेवल्या. "कावून?" आत्याने विचारले. "मोटेले तेल नाही पाजलं त चामडं तडकते, हे तुले मी सांगू?" खरेच होते. मोटेला तेल पाजतात हे वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? आम्ही माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी चकत्या बसवून आतोबा आणि मी भातकुलीला निघालो. पहिल्या खड्ड्यात गाडी आपटली नाही. ती झुलू लागली आणि झुलतच राहिली. व्याह्यांच्या दारात गाडी थांबली तरी आम्ही थांबलो नव्हतो. शेजारी बैलांचा साज शिवणारे एक म्हातारे चाचा राहत. त्यांनी वाकून खाली पाहिले, बोट लावून वास घेतला आणि हळहळले, "अरे भाऊ, ये चमडा तो घिसने के लिए है. सूखा रहेगा तो लोहे को पकडेगा. तेल पिलाया, अब कैसे पकडेगा?" व्याही गड्याकडे वळले. एवढेच म्हणाले, "रेंगी जुंप."

परतताना पुढे व्याह्यांची पडदा लावलेली हलकी बैलगाडी, म्हणजे रेंगी, तिच्यात लेक, आणि मागे बैलांच्या चालीने आमची रिकामी मोटार. अर्ध्या वाटेत बैलांना पाणी पाजायला रेंगी थांबली. लेक उतरली, सावकाश चालत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, इतक्या धीरे चालून राहिले तुमी, त मी तुमच्याजवळच बसतो ना."

मला वाटले, आतोबा उडी मारून दार उघडतील. हात दाराकडे गेलाही. मग लेकीच्या पोटाकडे पाहून तो त्यांनी मागे घेतला. "नको, माय," ते म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही."

लेक गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मीही गोंधळलेलाच होतो. हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही दोघांनी कधी ऐकले नव्हते. ती परत रेंगीत जाऊन नीट टेकून बसेपर्यंत आतोबा तिच्याकडे पाहत राहिले. पुढे वाडी येईपर्यंत त्यांनी मोटार रेंगीच्या मागेच ठेवली. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी कुणाचा वाटला नाही. आतोबा गेले, आणि हे त्यांना सांगायचे राहूनच गेले.