ट्रान्सपोजचं ते बटण

प्रफुल गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, चला, आता तरी हा माझ्या पुढे जायचा थांबला.

शिव्या द्या. द्यायलाच पाहिजेत.
पण आज त्याची तेरवी होती, त्याच्या गावाहून, नाचणगावहून आत्ताच घरी आलोय, आणि आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुम्ही त्याला ओळखता ते पुण्याच्या रॉक बँडचा कीबोर्डवाला म्हणून. लांब केस, काळा टी-शर्ट, डोळे मिटून वाजवणारा.
मी ओळखतो तो आमच्या जिन्याखाली चप्पल काढून "काकू, नित्या हाये का?" विचारणारा प्रफुल.

पुलगावला आमचं कापडाचं दुकान, वर माडी. माडीवर माझा कीबोर्ड, बाबांनी नागपूरहून आणलेला.
क्लास मला, सर मला, सर्टिफिकेट माझ्या नावाचं.
आणि वाजवायचा तो.

त्याच्या घरी कीबोर्ड नव्हता. त्याचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि गावच्या भजनी मंडळात पेटीवर. तेवढंच त्याचं शिक्षण.
मी आठवडाभर घासलेलं गाणं हा एकदा ऐकायचा अन् म्हणायचा, "सरक बे जरासा."
सरकायचो. काय करता!
खालून बाबा ओरडायचे, "वा नित्या, आज मस्त जमलं!"
प्रफुल तोंडावर हात ठेवून हसायचा. माझ्या अंगाची आग व्हायची.

मग वर्ध्याला कॉलेजचं गॅदरिंग आलं.
नागपूरच्या एका बँडमधले दोघं परीक्षक होते, आणि त्यांना कीबोर्डवाला हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं.
कीबोर्ड एकच, माझा. आधी मी वाजवणार, मग प्रफुल, कॉलेजच्या गायकासोबत.

मी बरं वाजवलं. टाळ्याही पडल्या.
उठता उठता मी एक बटण दाबलं.

ट्रान्सपोज.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते एकदा दाबलं की अख्खा कीबोर्ड एका पट्टीने वर सरकतो. बोटं बरोबर पडतात, पण सूर भलताच निघतो.
चुकून नाही दाबलं. मुद्दाम दाबलं. मला तो सगळ्यांसमोर पडायला हवा होता.

प्रफुलने पहिला कॉर्ड धरला. बेसूर.
गायकाने वळून पाहिलं. पुढच्या रांगेतली पोरं हसली.
खरं सांगतो, काळजाला थंडक पडली माझ्या.

गायक थांबला नाही, गातच राहिला. बटण शोधत बसायला वेळ नव्हता.
प्रफुलने हात उचलले, एक पट्टी खाली सरकवले आणि अख्खं गाणं तिथून वाजवलं. पांढऱ्या पट्ट्यांवरचं सोपं गाणं, काळ्या पट्ट्यांमध्ये बोटं घालून.
पट्ट्यांकडे बघितलं की गोंधळ होत होता, म्हणून डोळे मिटून घेतले. तुम्हा सगळ्यांना आवडते ना ती स्टाइल? ती तिथली आहे.

एक परीक्षक थेट स्टेजवर आला. "ये कैसे किया भाई?"
प्रफुल म्हणाला, "भजनात गाणारा कुठल्याई सुरातून उठते ना भाऊ. बाबा म्हंते, तो उठन तिथूनच आपण उठाचं."

त्याच महिन्यात ते लोक त्याला नागपूरला घेऊन गेले. तिथून पुणे.
म्हणजे बघा. पाडायला गेलो अन् मीच वर चढवून आलो!

स्टेजवरून उतरल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "तुह्या कीबोर्डले काहीतरी झालं बे. दाखवून घेजो."
मी म्हणालो, "हो, जुना झालाय."

त्यानंतर वीस वर्षं जळलो मी.
माझीच बायको त्याचे रील्स फॅमिली ग्रुपवर टाकायची. बाबा कापड मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याच माडीवर शिकला तो." स्वतःचा पोरगा शेजारी घड्या घालत बसलेला, त्याचं काही नाही.
गावी आला की प्रफुल दुकानात यायचाच. चहा प्यायचा. म्हणायचा, "चल ना बे माडीवर."
मी म्हणायचो, "सीझन आहे यार." सीझन नसायचा.
दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. तोंडच उघडायचं नाही.

तेरा दिवसांपूर्वी प्रॅक्टिस करताना त्याला अटॅक आला.

आज त्याची बायको पहिल्यांदा भेटली. पुण्याची आहे. मी नाव सांगितलं तर बघतच राहिली.
"नितीन म्हणजे... बटणवाले?"


वहिनी म्हणाल्या, "प्रत्येक शोच्या आधी ते ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबायचे आणि मग परत शून्यावर आणायचे. मी विचारलं तर म्हणाले, हे माझ्या मित्राचं बटण आहे. त्याने ते दाबलं नसतं तर मी गावातच राहिलो असतो."

मी कसंबसं विचारलं, "राग नव्हता त्याला?"
"मीही तेच विचारलं होतं. तर म्हणाले, राग कसला? कीबोर्ड त्याचा, घर त्याचं, आणि रोज मीच त्याला उठवून त्याच्या जागेवर बसायचो. त्याला वाईट वाटणारच ना."

म्हणजे त्याला माहीत होतं. चहा पिताना माहीत होतं. "चल ना बे माडीवर" म्हणतानाही माहीत होतं.

प्रफुल्या, लेका, वाजवण्यात पुढे होतास ते मी एक वेळ पचवलं असतं. पण मी माफी मागायच्या आधीच माफ करून मोकळा झालास? तिथंही तूच पहिला?
आजही जळतोय तुझ्यावर. तुझ्यासारखं मन मला का नाही मिळालं म्हणून जळतोय.

घरी आल्यावर कपडेही न बदलता माडीवर गेलो. कीबोर्डवरची धूळ पुसली. चालू झाला.
स्टुलावर बसलो, आणि नकळत एका बाजूला सरकलो.

सरकलोय बे. तुझी जागा मोकळी आहे.
माफ कर. नीट जाजो, प्रफुल.