चिंचणी ते तलासरी: छत्तीस नाणी आणि एक बुजवलेलं भोक

हाताने केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो. सागवानी पेटी एक, दोन मजली. वरच्या मजल्यात छत्तीस खण, प्रत्येक खणाला हिरवं अस्तर. पितळी तराजू एक. पारडी आणि दांडी माझी, वजनं मात्र विकतची. माहितीची कार्डं छत्तीस, एकावरही खाडाखोड नाही. कोरायच्या छिन्न्या चौदा. आणि चांदीचा एक गोल तुकडा, व्यास अडीच मिलिमीटर. ही शेवटची वस्तू शोधून सापडत नाही. ती १८६२ सालच्या एका राणीछाप रुपयात बसवलेली आहे.

मी नंदू, चिंचणीचा डायमेकर. सोन्याचा पत्रा ज्यावर ठोकून दागिन्याची नक्षी उठवतात, तो पोलादी साचा म्हणजे डाय. हे काम मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, कोणाच्या हाताखालीही नाही. बघून बघून, आणि बरंच पोलाद वाया घालवून शिकलो. नाण्यांचं तसंच. माझी बहुतेक नाणी कासा बाजारातल्या एका चांदीवाल्याकडून घेतलेली. बायकांच्या गळ्यातल्या माळा मोडीत येत, त्यांतले रुपये तो मला बाजूला काढून ठेवी. माळेतला रुपया म्हणजे त्याला भोक असणारच, राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, म्हणजे गळ्यात राणी सरळ लटकते.

नऊ वर्षांपूर्वी त्यातल्या एका रुपयाचं भोक मी बुजवलं. जमतं का बघायला, एवढंच कारण. झाळ दिली असती, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधलं असतं, तर रंगात फरक दिसला असता, म्हणून तुकडा केसभर मोठा कापला आणि ठोकून बसवला. मग एका बाजूला कडेचे चार ठिपके आणि दुसऱ्या बाजूला फुलाची पाकळी कोरली. अकरा दिवस लागले. तेव्हापासून तो पेटीच्या वरच्या मजल्यात, पहिल्या खणात. भोकाचे बाकीचे अकरा रुपये खालच्या मजल्यात.

तलासरीला हायवेवरच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं नाण्यांचं प्रदर्शन आहे आणि जिल्ह्यातल्या संग्राहकांना मांडणीसाठी टेबल फुकट आहे, असं कळलं तेव्हा मी नाव दिलं. माझा मित्र हरी याला मी कारणं तीन सांगितली: मोठे व्यापारी बघायचे, भाव समजून घ्यायचे, दोन नाणी हवी आहेत ती मिळतात का बघायचं. चौथं सांगितलं नाही. जाणकार माणसाला माझं भोक सापडतं का, हे मला बघायचं होतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. स्कूटर मी चालवली, मागे हरी, त्याच्या मांडीवर पेटी. हरी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. वरोरपर्यंत तो गप्प होता, हे विशेष.

"तीस वर्षं लोकांना सांगितलं, सामान मांडीवर घेऊ नका," तो म्हणाला. "आता बघ."

"पेटी हलवू नको."

"पेटी मी हलवत नाहीय. तुझा रस्ता हलवतोय."

रस्त्याबद्दल, कोणाला जायचं असेल तर. चिंचणी ते डहाणू समुद्राच्या बाजूने, वरोर, वाढवण करत. रस्ता अरुंद, पण सकाळी मोकळा. डहाणूतून सरावली, आशागड करत चारोटी. इथे वळणं आहेत आणि वीटभट्टीचे ट्रक. चारोटीला हायवे लागतो, तिथून उत्तरेला महालक्ष्मीचा सुळका उजव्या हाताला ठेवून सरळ तलासरी. माझ्या गाडीच्या आकड्याने अडुसष्ट किलोमीटर. गाडी नसेल तर चारोटीला जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली तरी निघत नाही. चारोटी नाक्यावर चहा आणि गरम भजी, दोघांचे ऐंशी रुपये. भज्यांत ओवा होता. चांगली होती.

हॉल लग्नाचा. स्टेजवरच्या दोन सिंहासनांवर चादर टाकलेली, खाली टेबलांच्या चार रांगा. वापी, वलसाड, सुरतेचे व्यापारी बरेच, कारण तलासरी त्यांना जवळ पडतं. अर्धी बोलणी गुजरातीत, अर्धी मराठीत, आकडे मात्र हिंदीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी: भिंग स्वतःचं न्या, नाणं कडेने धरा, हात लावण्याआधी विचारा, आणि सकाळी सांगितलेला भाव दुपारी जेवणानंतर परत विचारा. मी एका टेबलावर हवं असलेलं अर्धा आण्याचं नाणं असंच विचारलं, सातशेचं साडेचारशेला मिळालं. दुसरं मिळालं नाही.

मी पेटी मांडली. तपासणीला पुण्याच्या एक मॅडम होत्या. साठीच्या, सुती साडी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. मांडलेलं प्रत्येक नाणं त्या बघायच्या. अस्सल आणि निर्दोष असेल तर कार्डावर हिरवा ठिपका चिकटवायच्या, घासलेलं किंवा दुरुस्त केलेलं असेल तर पिवळा.

माझ्या टेबलाशी त्या वीस मिनिटं होत्या. पाच नाण्यांना पिवळा मिळाला. ती मी सुरुवातीच्या काळात चिंचेने घासली होती. त्यांनी न विचारता ओळखलं. मग राणीछाप उचलला. आधी उजेडाकडे तिरका धरला, नंतर टेबलावर वाजवून आवाज ऐकला, शेवटी वजन केलं.

"अकरा पूर्णांक बावन्न ग्रॅम," त्या म्हणाल्या.

"माझ्या तराजूवर अकरा एक्कावन्न."

"तराजू कुठला?"

"मी केला."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा नाकावर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि कार्डावर हिरवा ठिपका लावला. "या पेटीतलं सगळ्यात चांगलं नाणं."

मला आनंद झाला. तो लपवून इथे काही वेगळं लिहिण्यात अर्थ नाही. हरी शेजारी उभा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. तो मॅडमना म्हणाला, "चांगलं असणारच. मांडीवर बसून आलंय."

जेवायला बाहेर थाळी होती, एकशे ऐंशी रुपये. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी नेली होती. डबा उघडल्यावर आमच्या शेजारच्या टेबलाचे सुरतेचे व्यापारी, हसमुखभाई, खुर्ची घेऊन दहा पावलं लांब गेले. "नाणी बघायला येतो ने नंतर," तिथून ओरडून म्हणाले. "आधी हवा येऊ द्या."

तीनच्या सुमारास गावित सर आले. उधव्याकडच्या शाळेत मास्तर, पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सगळी कार्डं वाचणारा दिवसभरातला हा पहिला माणूस. राणीछापापाशी थांबले.

"हा द्याल का?"

"विकायला नाही आणलेला."

"तसं नाही," ते म्हणाले. "आमचे आजीचे गळ्यात असे सात होते. एका वाईट वर्षी विकले. बाबा अजून आठवण काढतो. म्हटलं, एक चांगला घेऊन बाबाचे हातात द्यावा." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. हॉलच्या पहिल्या रांगेत असाच रुपया साडेचार हजाराला होता, तेवढे मोजून आणलेले दिसत होते.

मी परत नाही म्हटलं. तेवढ्यात मॅडम मागून जात होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "मिळत असेल तर जरूर घ्या. निर्दोष आहे. मी स्वतः बघितलाय."

इथपर्यंत गोष्ट माझी होती. आता त्यात त्यांचा शब्द आला. मी म्हणालो, "मॅडम, याला भोक होतं. मी बुजवलंय."

त्यांनी नाणं घेतलं, भिंग लावलं. मुकुटाच्या वरचे कुठले चार ठिपके, ते मी सांगितलं. बराच वेळ बघितल्यावर त्यांना तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यामधली रेघ दिसली. दाखवल्यावर दिसली, आधी नाही. हे मी नोंदवून ठेवतो.

"कार्डावर लिहिलं का नाहीत?"

"कोणाला सापडतं का बघायचं होतं."

"म्हणजे नाणी दाखवायला आला नव्हतात," त्या म्हणाल्या. "माझी परीक्षा घ्यायला आला होतात." त्यांनी हिरवा ठिपका नखाने खरवडून काढला आणि पिवळा लावला. कार्डाचा कोपरा थोडा फाटला.

गावित सर तिथेच उभे. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "भोक होतं म्हणजे हा कोणाचे तरी गळ्यातलाच."

"हो. कासा बाजारातून घेतला."

"मग बुजवलंत कशाला?"

हा प्रश्न मला नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता, मीही नाही. जमतं का बघायला, हे उत्तर तोंडात होतं, ते मी तसंच ठेवलं.

हरीने माझ्याकडे बघितलं आणि पेटीचा खालचा मजला ओढला. "सर, इथे भोकाचे आहेत. यांनी लपवून ठेवलेत." सरांनी अकराही रुपये हातात घेऊन बघितले, भोकातून उजेड बघितला, आणि एक निवडला. भोकाची कड दोऱ्याने घासून घासून लांबट झालेला, म्हणजे पुष्कळ वर्षं गळ्यात राहिलेला. मी चांदीच्या भावाने दिला. त्यांनी तो पाकिटात ठेवला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हाताने दाबून बघितला.

पाचला पेटी बांधली. पार्किंगमध्ये हसमुखभाई वाट बघत होते. आता बोंबलाचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"नंदूभाई, काय हाथ छे तमारो! मॅडमला नाही दिसला, तर कोणाला दिसणार? माझ्याकडे भोकवाळे पोतं भरून आहेत. ऐका ने." त्यांनी सांगितलं. मी ऐकलं. आकडा शेवटी लिहितो.

"आणि कार्डावर काय लिहिणार?" मी विचारलं.

"कार्ड शा माटे, कशाला? गिऱ्हाईक वाचायला थोडाच येतो?"

मी त्यांना एक गिऱ्हाईक आज वाचायला आलं होतं, असं सांगितलं, आणि नाही म्हटलं. त्यांना ते सौदा ताणणं वाटलं असावं, कारण त्यांनी माझा नंबर घेतला.

परतताना बोर्डीवरून आलो. हा रस्ता जवळचा, शिवाय सुरूच्या झाडांतून समुद्र दिसत राहतो. जाताना हायवे आणि येताना बोर्डी, असं करा. बोर्डीला हरीने विचारलं, "मला तरी सांगायचं होतंस. मी तिथे तुझी पाठ थोपटत होतो." मी म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, "सुटे पैसे नाहीत म्हणणाऱ्या पाशिंजराचा चेहरा असाच असतो." चिंचणीपर्यंत नंतर विषय काढला नाही.

हिशोब मागतील त्यांच्यासाठी: पेट्रोल तीनशे, चहा-भजी ऐंशी, अर्धा आणा साडेचारशे. बक्षीस नाही.

रविवारी मी प्रदर्शनाला परत गेलो नाही. डायच्या पाठीवर मी नेहमी माझी खूण कोरतो, बारीक त्रिकोण, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कोणाच्या हातचं ते कळावं. त्या रुपयावर ती कधी कोरली नव्हती. तो काढून तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या मधे त्रिकोण कोरला. अर्धा तास लागला. साध्या डोळ्यांनी दिसतो. नवीन कार्ड लिहिलं आणि रुपया खालच्या मजल्यात, सरांनी नेलेल्याच्या रिकाम्या जागी ठेवला. पहिला खण सध्या मोकळा आहे.

आमचा धंदा आता मशीनने कोरलेल्या डायांनी निम्म्यावर आणलाय, हे चिंचणीत कोणालाही विचारा. हसमुखभाईंचा फोन बुधवारी परत आला, आणि मी परत नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं होतं: महिन्याला पन्नास रुपये बुजवायचे, चांदी त्यांची, खूण नाही, कार्ड नाही, एका भोकाचे नऊशे. महिन्याचे पंचेचाळीस हजार.