शेवटच्या बाकावरचं भांडण

माझ्या डोक्यावर पाच बायकांचे हात होते आणि मला फक्त कुणाच्या तरी बोटांना लागलेला सुक्या जवळ्याचा वास येत होता. दर गुरुवारी दुपारी प्रार्थनेच्या गटातल्या या बायका आमच्या घरी यायच्या. मला खुर्चीत बसवून भोवती उभ्या राहायच्या आणि त्यांची म्होरकी, आईची शाळेपासूनची मैत्रीण, निराशेच्या आत्म्याला माझ्यातून चालता हो म्हणून मोठ्यानं हुकूम सोडायची. आत्मा काही जायचा नाही. मग आई कॉफी करायची आणि गावठाणातली कुठली घरं बिल्डरकडे चालली यावर गप्पा रंगायच्या. मला आडवं व्हायचं असायचं, पण पाहुणे बसलेले असताना ते बरं दिसत नाही, असं आईचं म्हणणं.

मी अंधेरी पूर्वेच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवायचे. सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणले आणि एकही तपासू शकले नाही. रोज गठ्ठा उघडायचे, पहिल्या पेपरावरचं नाव वाचायचे आणि पुन्हा दोरी बांधायचे. मुख्याध्यापिका सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी रजा दिली. पण रजेत मी जी झोपले, ती उठेचना. दात घासायचे हे डोंगराएवढं काम वाटायचं. रडू येत नव्हतं, दुःखसुद्धा धड होत नव्हतं. डोक्यात ओली वाळू भरल्यासारखं व्हायचं आणि ती घेऊन मी दिवसभर भिंतीकडे बघत पडायचे.

भावानं मला दिंडोशीला एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. आईनं त्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या, नातेवाइकांना दिसू नयेत म्हणून. तरी म्होरकीला कळलंच. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "प्रभूवर विश्वास आहे ना तुझा? मग या गोळ्या कशाला? गोळी म्हणजे अविश्वास गं."

मला त्या वेळी कुणाशीही वाद घालायची ताकद नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, की माझी श्रद्धाच कुठेतरी कमी पडतेय. मी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि कठड्यापाशी उभी असताना मला माझीच भीती वाटली. बादली तिथेच टाकून खाली आले, भावजयीला म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने." तिनं गॅस बंद केला, चप्पल घातली आणि रिक्षा बोलावली. एक शब्द विचारला नाही. त्या सगळ्या वर्षात माझ्यासाठी केलेली सर्वांत मोठी प्रार्थना कुठली विचाराल, तर मी ती सांगेन.

डॉक्टरीणबाई चिडल्या. मीही चिडले. रिक्षातून परत येताना मला कळलं की कित्येक महिन्यांनी मला काहीतरी जाणवतंय, आणि तो राग आहे. म्होरकीवर, आईवर, स्वतःवर. आणि देवावर तर सगळ्यात जास्त.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोनेक महिन्यांनी मी घरात हिंडूफिरू लागले, तेवढ्यात आईनं परस्पर माझं एक काम ठरवून टाकलं. आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातली एक म्हातारी राहायची. सुनेला नोकरी लागल्यामुळे तिला संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न्यायला कुणी नव्हतं.

"तू ने तिला," आई म्हणाली. "नाहीतरी घरीच तर असतेस."

ते वाक्य मला असं लागलं की मी रागानंच हो म्हटलं.

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. घरापासून देऊळ दहा मिनिटांवर. म्हातारीबरोबर पाऊण तास लागायचा. ती माझ्या दंडाला लटकून चालायची आणि वाटभर शिव्या द्यायची: उखडलेल्या पेव्हर ब्लॉकना, रस्त्यात आडव्या लावलेल्या बाइकना, गटाराचं झाकण चोरणाऱ्याच्या सात पिढ्यांना. देवळात शिरलं की शेवटच्या बाकावर बसायची आणि एकदम गप्प. प्रार्थनेला उत्तर नाही, गाणं नाही, आमेनसुद्धा नाही. नुसती समोर बघत राहायची, ओठ घट्ट मिटून. मला बरं वाटायचं, कारण मलाही काही म्हणवत नव्हतं. पण दोन आठवड्यांनी देवळात जाताना न राहवून मी विचारलंच.

"आजी, तुम्ही प्रार्थना का म्हणत नाही?"

"कोण बोलला नाय म्हणत? मी त्याच्याशी भांडते."

"कुणाशी?"

"त्याच्याशी गो. वर टांगलाय त्याच्याशी."

मग तिनं सांगितलं. तिचा थोरला मुलगा बाविसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्यानंतर दोन वर्षं ती रोज देवळात यायची ती फक्त भांडायला. "मी त्याला विचारायची, माझा पोरगा तडफडत होता तेव्हा तू कुठं होतास? तुझी आई तरी क्रूसाखाली उभी होती. मला तर इस्पितळात आत पण नाय सोडला. लोक बोलायचे, बाई काय भक्तीची आहे!"

"मग काय उत्तर मिळालं?"

"काय पण नाय. पण ऐकून घ्यायचा. घरात कोण ऐकून घेत नव्हता."

मी तिला गुरुवारच्या बायकांचं सांगितलं, गोळ्यांचंही. ती फिसकन हसली. "मग माझी साखरेची गोळी कोण खातो, सैतान? सांग तिला, पोप पण औषध घेतो म्हणून."

त्या संध्याकाळी मी त्या बाकावर बसून आयुष्यातलं पहिलं खरं भांडण केलं. मनातल्या मनात, पण आवाज चढवून. लहानपणापासून पाठ असलेलं एकही वाक्य वापरलं नाही. म्हटलं, मी पंधरा वर्षं दर रविवारी इथे आले, तुझ्या संडे स्कूलची मुलं सांभाळली, आणि माझ्या डोक्यात तू वाळू भरलीस? मला उठवत नाही, बस येते तेव्हा चढवत नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तुला दिसत नाही का? दिसत असेल तर एवढा गप्प कसा?

काही झालं नाही. उजेड पडला नाही, वाळू हलली नाही. मला भयंकर राग आला. मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारीच्या आधी मी तयार होते, कारण माझं बोलणं अर्धंच राहिलं होतं. निराश माणसाला उद्याचं काही नको असतं. मला उद्या हवा होता, भांडण पुरं करायला का होईना. आशा म्हणतात ती हीच असेल, तर ती फारच किरकिरी वस्तू आहे.

पुढच्या गुरुवारी मी बायकांना सांगितलं, "डोक्यावर हात नको. बसायचं असेल तर बसा माझ्याजवळ."

म्होरकी उठून गेली. बाकीच्या तिच्यामागून गेल्या, एक सोडून. आई माझ्यावर उखडली. "लोक तुझ्यासाठी वेळ काढून येतात, आणि तू त्यांचा अपमान करतेस?"

"त्यांनी गोळ्या बंद करायला लावल्या आई! तू पण काही बोलली नाहीस."

"मला काय कळत होतं?" आई ओरडली. "मी नऊ-नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना केल्या, उपास केले. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला वाटलं, मी काहीतरी पाप केलंय." आणि ती मटकन खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. मागे राहिलेल्या बाईनं स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. त्या दिवशी आईनं गोळ्या डब्यामागून काढून जेवणाच्या टेबलावर, लोणच्याशेजारी ठेवल्या.

जूनमध्ये मी शाळेत परतले. दहावी मिळाली नाही, सहावी दिली, आणि त्याचंही मला वाईट वाटलं. गोळ्या चालूच आहेत. अजून काही सकाळी उठवत नाही आणि त्या सकाळी माझी श्रद्धा कुठे असते, मला माहीत नाही.

मागच्या वर्षी फादरांनी मला रविवारच्या मिस्सात लोकांच्या वतीनं देवाला करायच्या विनंत्या वाचायला सांगितल्या. मी मनाच्या आजारानं झुरणाऱ्यांसाठी एक विनंती लिहून दिली. छापून आली तेव्हा देवळाच्या समितीनं ती कापून 'सर्व आजाऱ्यांसाठी' एवढीच ठेवली होती. माझं डोकंच फिरलं. वेदीशेजारी उभी राहून मी कागदावरचं सोडून वाचलं, "ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ज्यांना प्रार्थना करवत नाही, आणि जे लपून गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी." मग लोकांचं नेहमीचं उत्तर आलं, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक', जरा उशिरा.

मिस्सा संपल्यावर समितीचे एक काका माझ्याकडे रागानं बघत निघून गेले. आवारात एका बाईनं मला गाठलं. तिचा नवरा चार महिने घराबाहेर पडला नव्हता.

"तुम्हाला किती दिवसांनी बरं वाटलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पूर्ण अजून नाही वाटत." तिचा चेहरा पडला. मला स्वतःचा राग आला, जरा तरी गोड बोलायला काय झालं होतं? पण खोटं बोलवेना. मी तिचा नंबर घेतला आणि म्हटलं, "मी उद्या येते तुमच्या घरी. त्यांना उठायला सांगू नका, मीच आत येऊन बसेन."