घुमटाखालचं टेबल

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी मला नोकरी लागली. नगरमधल्या जुन्या घुमटातलं सरकारी ऑफिस, टेबलही त्यांचंच.

एका रविवारी तो घुमट लोकांना पाहायला खुला केला. आम्ही टेबलं बाहेर काढली. एरवी आत येऊन आमच्यावर खेकसणारी माणसं त्या दिवशी दर्ग्यात काढतात तशा दाराशी चपला काढत होती. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, “वर बघा.” मीही पहिल्यांदाच वर पाहिलं. चुन्यात कोरलेली फुलं. मला काहीच वाटलं नाही.

घरी आईला त्या फुलांचं सांगितलं. ती म्हणाली, “व्हय, म्हणून तर तुझ्या बाबांनी टेबल बरोबर मधोमध मागून घेतलं हुतं.”

सोमवारी टेबलं आत आणताना शिपायाने माझं टेबल मधोमध न ठेवता भिंतीला लावलं. मी ते हलवलं नाही, तिथेच बसले.